कोळंबीचा काटा

श्रावण लागण्यापूर्वीच्या रविवारी कोळंबी सोलताना तिच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा आईच्या बोटात रुतला. मधुमेहाने बोटे बधिर झालेली. तिला कळलेही नाही. मी डॉक्टर असूनही दोन दिवस त्या सुजेकडे दुर्लक्ष केले. अखेर बोट चिरून पू काढावा लागला.

वाचकहो, आपल्या घरी वृद्ध हात कोळंबी साफ करीत असतील, तर ते काम हिरावून घेऊ नका. डोके आणि शेपटीचे टोकदार टोक आपण काढून द्या. कवच व पाठीतला काळा दोरा त्यांना काढू द्या, मात्र रबरी हातमोजे घालून. तरीही काटा लागलाच, तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली जखम धुवा. सूज वा लाली दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हातमोज्यांत दोरा निसटतो, अशी आईची तक्रार आहे. मी सोललेली कोळंबी मात्र ती अजून पुन्हा तपासते.