वहीतला एक शब्द

लोणारपासून आमचे गाव फार लांब नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात वर्गाची सहल लोणारला निघाली, तेव्हा ती वाट आमच्या घराला पाठ आहे हे मी कुणालाच सांगितले नाही.

काठावर उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोल आहे. तळाशी खारे, हिरवट पाणी. धारेचे पाणी मात्र गोड. तिथून आम्ही खाली उतरलो. झाडीत मोर ओरडला. काठच्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे चालत होते. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हेच पाणी गुलाबी झाले होते. त्याच वर्षी लोणारचे नाव रामसर पाणथळींच्या यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले ते दुसरे.

माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले, "पूर्वी आसपासच्या अडाणी लोकांनी बकऱ्या चारून, लाकडे तोडून या जंगलाची नासाडी केली. २००० साली अभयारण्य झाले म्हणून वाचले." सगळ्यांनी वहीत लिहून घेतले. मीही घेतले. 'अडाणी' हा शब्दसुद्धा लिहिला.

माझी आजी याच उतारावरून सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन चढायची. बाजाराच्या दिवशी ती विकायची. त्या पैशांत बाबांची पाटी आली आणि ते सातवीपर्यंत शिकले. त्यांच्यापुढे मी. मग वर्गात माझी मान खाली का गेली?

रात्री घरी आल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला, "काठाले टिटव्या हायेत का गं अजून? उन्हाळ्यात त्यायची अंडी उघड्यावरच असतात. पाय पाहून टाका लागते."

मी भीत भीत त्या गृहस्थांचे बोलणे सांगितले. मला वाटले, ती चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "खोटं नाही बोलला तो. तोडलंच आम्ही. पण चूल काय वाऱ्यावर पेटते?"

अभयारण्य झाले ते चांगलेच झाले. आजीही हे नाकारत नाही. पण टिटवीची अंडी तुडवू नयेत म्हणून पाय पाहून टाकणारी बाई अडाणी कशी? हा प्रश्न मी तिथेच, सर्वांसमोर विचारायला हवा होता. तेव्हा धीर झाला नाही, म्हणून आज येथे लिहिते आहे. वहीतला तो शब्द मी खोडला आहे.

मित्रमैत्रिणींनो, लोणारला जरूर जा. उतरताना पायांखाली पाहून चाला.