टॉबीचा फोटो

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतले एक कुटुंब खोली रिकामी करून गावी गेले. टेम्पोत पलंग चढला, फ्रीज चढला, पाण्याचे पिंपही चढले. मोती कुत्रा तेवढा मागे राहिला. दोन दिवस तो कुलपापुढे बसून होता. तिसऱ्या दिवशी आमच्या धाकटीने त्याला भाकरी घातली आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटले.

आम्ही मूळचे परभणीकडचे. पोटासाठी तारापूरच्या एमआयडीसीत आलो आणि बेटेगावात राहिलो. बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक आमच्याच बेटेगावात उभे राहते आहे, पण आमच्या खोल्या दोनच आणि माणसे पाच. कुत्रा ठेवायचा कुठे, हा आमचा प्रश्न. माय मात्र जागेबद्दल बोललीच नाही. ती म्हणाली, "पाटलाचं कुत्रं ओसरीवर निजायचं, अन् आपण अंगणाच्या भाईर उभं. मला कुत्र्याचे लाड दावू नका." यावर आम्ही काय बोलणार? महाडच्या चवदार तळ्यावरही गुराढोरांना मज्जाव नव्हता, आम्हांला होता.

त्याच सुमारास मेलबर्नहून भाचीचा फोन आला. तिने ग्रेहाउंड जातीचा, शर्यतीतून काढलेला कुत्रा दत्तक घेतला आहे. तिकडे यंत्रावर खोटा ससा पळवतात, त्याच्यामागे हे कुत्रे ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने धावतात आणि लोक त्यांच्यावर पैसे लावतात. चार-पाच वर्षांचा झाला की कुत्रा बाद. आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे. मग उरलेल्या वर्षांचे काय? शर्यतवाले म्हणतात, आमची पोटे यावर चालतात, आणि कुत्र्यांना घरेही आम्ही मिळवून देतो. विरोधक विचारतात, ज्यांची हाडे मोडली, ज्यांना घर मिळाले नाही, त्यांचे काय? न्यू साउथ वेल्सच्या सरकारने जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरात मागे घेतली. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे बैलगाडा शर्यत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदाही मान्य झाला. त्या वादात धावणाऱ्या बैलाबद्दल आम्ही पुष्कळ ऐकले, थकलेल्याबद्दल फार कमी.

फोन ठेवल्यावर आम्हांला आमचाच गेटपास आठवला. एका कारखान्यात अकरा वर्षे कंत्राटी काम केले. पाठ धरली, आणि पुढच्या महिन्यात पास मिळाला नाही. कोणी रागावले नाही, कोणी काही बोललेही नाही. फाटक तेवढे उघडले नाही.

तोडगा धाकटीने काढला. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो तिने आजीपुढे धरला. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. हाच फोटो माय कितीदा तरी हात जोडून पाहत आली होती. तिने चष्मा पुसला.

"हे बाबासायबाचं कुत्रं?"

"हो, आजी."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "त्याला आधी सुई टोचून आणा."

रेबीजची लस दिली, नसबंदीही करून घेतली. माय मोतीला अजून हात लावत नाही. संध्याकाळची भाकरी मात्र तिच्याच ताटातली असते, आणि ती उंबऱ्यापलीकडे टाकत नाही, वाटीत ठेवते.