ऐकणें आणि वाचणें

आपल्या भाषेनें अंध मनुष्यास ‘प्रज्ञाचक्षु’ असें एक भारदस्त नांव देऊन ठेविलें आहे. विदर्भांतील गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांस तें सर्वथा शोभलें. तान्हेपणींच दृष्टि गेली असतां, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनीं जें ज्ञान मिळविलें व जी ग्रंथरचना केली, तिजपुढें डोळस विद्वानांनींही मान लववावी. परंतु असामान्य पुरुषांवरून सामान्य मुलांचे नियम बसवूं नयेत. ज्याचा प्रज्ञेचा डोळा जन्मतःच उघडा, त्याचें शाळेवांचून कदाचित् अडणार नाहीं. ज्याचा तो अजून उघडावयाचा आहे, त्या सात वर्षांच्या पोराचें काय, हा खरा प्रश्न आहे.

अशा मुलांसाठीं शाळा काढण्याचा पहिला मोठा यत्न पॅरिस येथें झाला. १७८५ च्या सुमारास व्हॅलेंटिन हाउई यानें तेथें शाळा स्थापिली आणि डोळसांचींच रोमन अक्षरें कागदावर उठावदार करून मुलांच्या बोटांखालीं दिलीं. हेतु उदात्त, पण अक्षर पडलें डोळ्यांच्या सोईचें. बोट त्याच्या वळणांवरून चाचपडत राही. १८१९ सालीं त्याच शाळेंत खोगीर करणाऱ्या एका कारागिराचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. बापाच्या हत्याराशीं खेळतां खेळतां तिसऱ्या वर्षीं डोळ्यास इजा होऊन त्याची दृष्टि गेली होती. हाच लुई ब्रेल. बार्बिए नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें बारा टिंबांची एक उठावाची पद्धति काढिली होती. ब्रेलनें बाराचीं सहा टिंबें केलीं, आणि अक्षर बोटाच्या एका टोकाखालीं मावूं लागलें. १८२९ सालीं ही पद्धति छापून निघाली. परंतु डोळस शिक्षकांस ती परकी वाटली, विरोध झाला. फ्रान्सांत तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ सालीं, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं.

आपल्या देशांत अमृतसर येथें १८८७ सालीं आणि मुंबईंत १९०० सालीं मिशनरी बायांनीं अंधांच्या शाळा काढिल्या. पुढें १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं एकच ‘भारती ब्रेल’ ठरली. आतां, इतक्या खटाटोपानें हातीं आलेली ही लिपि निरुपयोगी झाली, असें अलीकडे पुष्कळ सुज्ञ लोक म्हणूं लागले आहेत. पुस्तकें ध्वनिमुद्रित मिळतात, संगणक बोलतो, खिशांतला फोनसुद्धां वाचून दाखवितो. मग टिंबें चाचपण्याची यातायात कशाला?

आमच्या वर्गांत कांहीं वर्षांपूर्वीं एक अंध विद्यार्थी होता. बुद्धि तल्लख, स्मरण असें कीं महिन्यापूर्वींचें व्याख्यान शब्दशः सांगेल. त्याचें सारें शिक्षण कानांवाटे झालेलें. एकदां परीक्षा देऊन आल्यावर तो आम्हांस म्हणाला, “सर, मीं ‘दीन’ शब्द सांगितला, तेव्हां लेखनिकानें विचारलें, पहिली वेलांटी कीं दुसरी? मला कसें ठाऊक असणार? उत्तर माझें, पण शुद्धलेखन त्याचें.” दिवस या अर्थाचा ‘दिन’ आणि गरीब या अर्थाचा ‘दीन’ कानास बहुधा एकच लागतात. जो केवळ ऐकतो त्याच्या भाषेंतून हा भेद नाहींसा होतो. पदवीच्या वर्गांत पोंचलेला हा तरुण, आपण ज्यास साक्षर म्हणतों त्या अर्थानें, साक्षर नव्हता. आणि हें बारा वर्षांत एकाही परीक्षेस कळलें नाहीं.

पुढें तो ब्रेल शिकला. तींत ऱ्हस्व इकाराचीं टिंबें वेगळीं, दीर्घाचीं वेगळीं. शिवाय, आपल्या छापील ‘दि’मध्यें वेलांटी द च्या आधीं येते, ब्रेलमध्यें ती उच्चारक्रमानें नंतर येते. हें आम्हीं त्याच्याकडूनच ऐकलें. मात्र विसाव्या वर्षीं बोट सहाव्या वर्षींइतकें लवकर वळत नाहीं. त्याचें वाचन अखेरपर्यंत मंदच राहिलें.

ध्वनिमुद्रित पुस्तकांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तीं मोठें वरदान आहेत. ज्या मुलांस थोडें दिसतें त्यांस मोठा टाइप, भिंग व चांगला उजेड देऊन डोळ्यांनींच वाचूं द्यावें, हेंही युक्तच. ब्रेल पुस्तकें अवजड, शिकविणारे थोडे, या अडचणीही खऱ्या. परंतु ऐकणारा दुसऱ्याच्या गतीनें चालतो, वाचणारा स्वतःच्या. एका वाक्यापाशीं थांबावें, मागें जावें, अडलेला शब्द अक्षर अक्षर न्याहाळावा, गणिताच्या चार ओळी एकमेकींखालीं ताडून पाहाव्या, हें सुख आणि हा अधिकार वाचणाऱ्याचा आहे.

२०१६ च्या कायद्यानें अशा मुलास सहा ते अठरा वर्षेंपर्यंत, शेजारच्या शाळेंत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेंत बसण्याची जागा त्यानें मिळेल. अक्षर मिळेलच असें नाहीं. म्हणून अशा मुलाच्या आईबापांस आमची एवढीच सूचना आहे, कीं शाळा पाहावयास जाल तेव्हां इमारत व सोयी अवश्य पाहा, पण मुख्याध्यापकांस हें आधीं विचारा: आमचें मूल येथें स्वतः वाचूं लागेल काय, आणि केव्हां?