जुनी कसोटी, नवा नियम

नियम बदलला म्हणजे कालचें शुद्ध आज अशुद्ध ठरतें. पण तेवढ्यावरून काल लिहिणारा चुकला होता, असें म्हणतां येत नाहीं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानें १९६२ सालीं मान्य केले व अनुच्चारित अनुस्वार गळाले. आमच्या आजोबांच्या पत्रांतील ‘नाहीं’ व ‘कांहीं’ आज शाळेच्या परीक्षेंत चूक ठरतील. पत्रांतला मजकूर मात्र जेथल्या तेथें आहे.

हाच प्रश्न परवां संगणकाच्या भाषेसंबंधानें आमच्या भिवंडीच्या घरांत निघाला. माणसानें लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो कंपायलर, त्याच्या जोडीस तयार आज्ञांची लायब्ररी असते. ती बिनचूक आहे ना, हें पाहण्यास लहान लहान कसोट्या लिहून ठेवितात. आमच्या पुतण्यानें पूर्वीं सी प्लस प्लस भाषेंत अशी एक कसोटी लिहिली होती. ‘यू-८’ ही खूण करून ‘भिवंडी’ हा शब्द लिहावयाचा आणि त्याचे बाइट मोजावयाचे. वेलांट्या व अनुस्वार धरून चिन्हें सहा, यूटीएफ-८ पद्धतीनें प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण १८. २०१७च्या मानकापर्यंत कसोटी सुरळीत उतरली. २०२०च्या मानकानें अशा मजकुरास स्वतंत्र प्रकार ठरवून दिला. जुन्या साध्या अक्षर-प्रकारांत तो घेतां येईना आणि कंपायलर अडून बसला.

“काका, ही कसोटीच काढून टाकतों,” पुतण्या म्हणाला.

“मग उद्यां ‘भिवंडी’ची शेवटची वेलांटी तुटली, तर कळणार कसें?” आम्हीं विचारलें.

कसोटी २०१७च्या मानकालाच बांधून ठेवावी, हा दुसरा मार्ग; पण मग नव्या मानकानें लिहिणारांस तिचा आधार उरत नाहीं. शेवटीं त्यानें दोष नेमका कोठें आहे, तें शोधिलें. बाइट दोन्ही मानकांत तेच होते. बदललें होतें तें केवळ प्रकाराचें नांव. तेव्हां नव्या मानकांत नवा प्रकार व जुन्यांत जुना, अशी तजवीज करून त्यानें २०११, २०१४, २०१७ व २०२० या चारही मानकांखालीं कसोटी चालवून पाहिली. १८ या आंकड्यास हात लाविला नाहीं.

एकत्र कुटुंबांत वावरणारांस हा विवेक नित्य लागतो. सोवळ्याचा आग्रह सुटला, तो सुटो. स्वयंपाकापूर्वीं हात स्वच्छ धुवावे, हें मात्र सुटूं नये. सुनेची परीक्षा सासूच्या काळच्या नियमांनीं घेऊं नये, आणि नियम जुने झाले म्हणून ज्यासाठीं ते केले तें राखण्याचेंही सोडूं नये.