घोरणाऱ्याचा साक्षीदार

मनुष्यास आपले बहुतेक आजार स्वतःच कळतात. ताप अंगास जाणवतो, दाढ ठणकली की जग नकोसे होते, गुडघा तर पायरीपायरीस आपली आठवण करून देतो. घोरण्याचे मात्र उलटे आहे. ज्याचे त्यालाच ते ऐकू येत नाही. म्हणून घोरणारा ते शपथेवर नाकबूल करतो आणि ऐकणाऱ्याच्या साक्षीस घरात फारशी किंमत राहत नाही.

आमचे घराणे गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने या मुलखात आले आणि वाघोडियास स्थिरावले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे दोन्ही भाषांतील गमती आमच्या कानांवर पडत आल्या. आम्ही नुसते 'घोरतो'. आमचे गुजराती शेजारी 'नसकोरां बोले छे' असे म्हणतात. नसकोरां म्हणजे नाकपुड्या. बिचाऱ्या नाकावर आळ! नाक चोंदल्याने घोरणे वाढते हे खरे, पण तो आवाज मुख्यतः घशातला असतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, उताणे निजल्यास जीभ मागे सरकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि त्या वाटेने जाणारा वारा मऊ टाळू व पडजीभ थरथरवतो.

आमच्या घरी घोरणे हे तृप्तीचे लक्षण मानले जाई. आजोबा श्रीखंड-पुरी जेवून ओसरीवर घोरू लागले की 'गाढ झोप लागली आहे' म्हणून आम्हां मुलांना दटावून गप्प बसवीत. लग्नघरी कुंभकर्णाची पदवी कोणास द्यावी, यावर सकाळच्या चहाबरोबर चर्चा रंगे. वस्तुतः ज्या झोपेला आपण गाढ म्हणतो, ती कित्येकदा रात्रभर तुटत असते.

घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. परंतु काहींची वाट अरुंद होता होता पुरती मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. यालाच 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. तासाला पाच ते पंधरा वेळा असे घडल्यास विकार सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो, हृदयाचा ठेका बिघडू शकतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसा पेंग येते आणि वाहन हाकताना डोळा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच विकाराचे नाव सांगितले होते.

आमच्या सौभाग्यवतींनी आवाजाबद्दल पस्तीस वर्षांत तक्रार केली नाही. आमची साठी उलटल्यावर एके सकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, तुमच्या घोरण्याची मला सवय झाली आहे. भीती वाटते ती तुम्ही घोरायचे थांबता तेव्हा. मी आकडे मोजत पडते. काल वीसपर्यंत गेले."

त्या आकड्यांनी आम्हांस तपासणीस नेले. अंगास तारा जोडून एक रात्र निजावे लागले. विकार मध्यम निघाला. नाकावर मुखवटा बांधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे 'सीपॅप' यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पुढे आणले. तीव्र विकारात आजही पहिला मान त्याचाच. आम्हांस मात्र तो मुखवटा सोसवेना, तेव्हा डॉक्टरांनी दंतवैद्याकडे धाडले.

घशाच्या दुखण्यास दंतवैद्य कशाला, हा प्रश्न आमच्याही मनात आला. उत्तर साधे आहे. जीभ खालच्या जबड्यास जोडलेली असते. जबडा काही मिलिमीटर पुढे धरला की जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. दोन्ही जबड्यांचे माप घेऊन दातांवर बसणारे दुहेरी उपकरण करतात आणि खालचा भाग हळूहळू पुढे सरकवतात. सौम्य व मध्यम विकारात, तसेच सीपॅप न सोसणाऱ्यांस याचा उपयोग होतो. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१५ मध्ये तशी शिफारस केली. कवळी बसवणे आणि वाकडे दात सरळ करणे, याच दोन विद्यांचे हे काम. आपल्या वाघोडिया तालुक्यातच पिपरिया येथे दंत महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांत या दोन्ही विद्यांचे स्वतंत्र विभाग असतात.

या उपकरणास मर्यादाही आहेत. आधारास पुरेसे घट्ट दात लागतात. संपूर्ण कवळी असणाऱ्यांस ते सहसा बसत नाही. आरंभी लाळ सुटते, सकाळी जबडा अवघडतो, पुढे वर्षांनुवर्षांत दातांची बैठक थोडी बदलू शकते. वजन उतरवणे, रात्रीचे मद्य टाळणे आणि कुशीवर निजणे ही पथ्ये सुटत नाहीतच. मुख्य म्हणजे तपासणीवाचून बाजारातले तयार साधन तोंडात घालू नये. त्याने आवाज बंद होईल, पण श्वास अडतच राहील. आणि मग उशाशी जागणाऱ्यास कळण्याची खूणही उरणार नाही. म्हणूनच उपकरण बसवल्यावर पुन्हा एकदा रात्रीची तपासणी करतात.

आपल्या जुन्या घरांतून आज एकेकटी माणसे निजतात. मुले पुण्यास, नाहीतर परदेशी. जोडीदार पुढे गेलेला. त्यांचा श्वास कोणी मोजावा? त्यातही स्त्रिया. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही हा विकार वाढतो. पण बाईमाणसाने घोरणे लाजिरवाणे मानले गेल्याने त्याचा उच्चारच होत नाही. एकट्याने एखाद्या रात्री मोबाइल ध्वनिमुद्रणास लावून उशाशी ठेवावा. सुट्टीस आलेल्या लेकीसुनांनी ऐकलेले सांगण्यात संकोच करू नये आणि वडीलधाऱ्यांनी ते अपमान न मानता ऐकून घ्यावे. घोरणाऱ्यास खुशाल हसावे. हसून झाल्यावर त्याचा श्वास मात्र एकदा मोजावा.