बर्फ नाही, तरी स्लेज

माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने त्या वर्षी घरात एकच धोशा लावला होता: हस्की हवा. निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा दिसणारा. मी तेव्हा चार महिन्यांसाठी लेकीकडे ग्लासगोला गेले होते. लेक आणि जावई दोघेही हॉस्पिटलात ड्यूटीला, घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. त्यात आम्ही कोकणी शाफई. कुत्र्याचा ओला स्पर्श झाला की सात वेळा धुणे, त्यातले एकदा मातीने, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. जावयाने तेवढे एकच कारण सांगून विषय मिटवला होता. मिटला मात्र नव्हता. पोरगा जेवताना गप्प बसू लागला.

अखेर लेकीच्या वॉर्डातल्या एका नर्सने तोड काढली. ती स्कॉटिश बाई, पन्नाशीची, गेली कित्येक वर्षे एका स्लेज डॉग क्लबची स्वयंसेवक. म्हणाली, "विकत घेण्याआधी त्याला एकदा पाहू तरी द्या. शनिवार-रविवार आमची शर्यत आहे. मुलाला आणा, आजीलाही आणा." लेकीला सुट्टी नव्हती. मग नर्सच्या गाडीत पुढे ती, मागे मी आणि नातू, असे आम्ही शुक्रवारी दुपारी निघालो. मी पिशवीत जेवणाचे डबे भरले आणि सलवार-कमीजचे दोन जादा जोड घेतले. नर्सने विचारले, इतके कपडे कशाला? मी सांगितले. तिने मान डोलावली आणि गाडीच्या मागच्या भागातून पाण्याचा वीस लिटरचा कॅन काढून दाखवला. म्हणाली, "पाण्याची काळजी नको."

ग्लासगोहून पर्थमार्गे उत्तरेला ए-९ हा रस्ता जातो. पर्थ सोडले की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येऊ लागतात. ड्रमॉख्टर नावाच्या खिंडीत रस्ता सुमारे ४६० मीटर उंचीवर चढतो, शेजारून रेल्वेही चालते. आंबा घाटाची सवय असलेल्याला ही चढण काहीच वाटत नाही, पण घाटात जशी झाडी असते तशी इथे नाही. नुसता तपकिरी उघडा माळ, वर ढग आणि अधूनमधून मेंढ्या. खिंड ओलांडली की स्पे नदीचे खोरे लागते आणि पुढे ऐवीमोर हे गाव. हा सगळा भाग केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात येतो. ब्रिटनमधले ते सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान, २००३ साली झालेले. ऐवीमोरपासून दहा-अकरा किलोमीटरवर ग्लेनमोरचे जंगल आणि लॉख मॉर्लिख हे तळे आहे. तळ्याला चक्क वाळूचा किनारा आहे. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, सूर्य मावळला होता, आणि पाइनच्या झाडांमागे डोंगराच्या माथ्यावर पांढरी रेघ दिसत होती. बर्फ होता तो तेवढाच. खाली सगळा चिखल.

नातू वैतागला. "नानी, बर्फच नाही तर स्लेज कशी चालणार?"

हा प्रश्न तिथल्या लोकांना इतक्या वेळा विचारला गेला आहे की नर्स हसली. स्कॉटलंडच्या सखल भागात बर्फाचा भरवसा नसतो. पडतो, दोन दिवसांत वितळतो. म्हणून इथले लोक कुत्र्यांना स्लेजऐवजी तीन चाकांची लोखंडी गाडी जोडतात. तिला ते रिग म्हणतात. पुढे एक चाक, मागे दोन, उभे राहायला फळी, हातात सायकलसारखा दांडा आणि भक्कम ब्रेक. याच ग्लेनमोरच्या जंगलात १९८४ पासून जानेवारीत ऐवीमोरची मोठी रॅली भरते. ती सायबेरियन हस्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन भरवतो. सुमारे हजार कुत्रे जमतात, आणि बहुतेक वर्षी त्यांच्या मागे चाकेच असतात. आम्ही पाहायला आलो होतो ती शर्यत त्या मानाने फारच लहान. थोड्या अलीकडच्या एका जंगलात, चाळीसेक स्पर्धक.

शनिवारी फजरनंतर अंधारातच निघालो. जंगलाच्या तोंडाशी मोकळ्या जागेत गाड्या आणि व्हॅन लागलेल्या. प्रत्येक व्हॅनच्या कडेला साखळी ताणलेली आणि तिला ठरावीक अंतरावर कुत्रे बांधलेले. मला वाटले होते कुत्रे अजस्र असतील. तसे नाही. सायबेरियन हस्की वीस-पंचवीस किलोचा, हडकुळ्या बांध्याचा प्राणी. अंगावरच्या केसांमुळे मोठा दिसतो एवढेच.

आवाजाचे मात्र सांगावे तेवढे थोडे. हस्की भुंकत नाही, हेल काढून ओरडतो. साज चढवायला सुरुवात झाली की सगळे एका सुरात किंचाळू लागतात, उभ्या उभ्या चार पायांवर उड्या मारतात, दोरी चावतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत बैल सुटण्याआधी फुरफुरतो ते पाहिले आहे, पण हे काही वेगळेच. एका चार कुत्र्यांच्या गाडीला सुरुवातीच्या रेघेवर आणायला चार माणसे लागली. मागे घड्याळवाला आकडे मोजतो, पाच, चार, तीन, दोन, एक, आणि माणसे हात सोडतात. त्या क्षणी आवाज थांबतो. एकदम. कुत्रे मान खाली घालून धावू लागतात आणि फक्त चाकांचा आणि पंज्यांचा आवाज उरतो. मी सत्तरीच्या जवळ आले आहे, पण त्या शांततेने माझ्या अंगावर काटा आला.

या गाडीला कासरा नाही आणि चाबूकही नाही. जे काही आहे ते तोंडाने. "जी" म्हटले की उजवीकडे, "हॉ" म्हटले की डावीकडे. पुढचा कुत्रा शब्द ऐकतो, बाकीचे त्याच्या मागे. वळणावर लाल गोल पाटी उजव्या हाताला लावली असेल तर उजवीकडे, डाव्या हाताला असेल तर डावीकडे. मागून वेगाने येणारा "ट्रेल!" असे ओरडला की पुढच्याने वाट द्यायची. सगळ्या गाड्या एकदम सोडत नाहीत, ठरावीक अंतराने एकेक सोडतात, आणि दोन्ही दिवसांच्या वेळेची बेरीज करून निकाल लागतो. म्हणजे शनिवारी जिंकलेला रविवारी बसून राहिला तर काही उपयोग नाही.

आमच्या नर्सचे काम होते वळणावर उभे राहायचे. पिवळे जॅकेट, हातात वायरलेस, जंगलातल्या तिठ्यावर चार तास. एखाद्याची गाडी उलटली, कुत्रे सुटले, कोणी फिरायला आलेला आपला पाळीव कुत्रा मोकळा सोडून आला तर सांभाळायचे आणि कळवायचे. पगार नाही. पेट्रोल स्वतःचे. माझ्या थर्मासमधला चहा संपेपर्यंत आम्ही तिच्याबरोबर उभ्या होतो आणि ती मला क्लबचे वर्ष सांगत होती.

उन्हाळाभर कुत्रे पळत नाहीत, त्यांना सोसत नाही. तेव्हा क्लबची माणसे कागद रंगवतात. जंगल सरकारी खात्याचे, त्याची परवानगी काढायची, विमा काढायचा, कुठल्या शनिवारी कुठले जंगल ते ठरवायचे. लाकूडतोड कुठे चालू आहे ते पाहायचे, कारण गेल्या वर्षीची वाट यंदा ओंडक्यांनी बंद असू शकते. याच दिवसांत वार्षिक सभा होते, आणि तिचे वर्णन ऐकून मला आमच्या मोहल्ला कमिटीची आठवण आली. हिशेब विचारणारे पुष्कळ, खजिनदार व्हायला कोणी तयार नाही. सप्टेंबरात पहाटेच्या गारव्यात थोडे थोडे पळवायला सुरुवात, ऑक्टोबर ते मार्च शर्यती, आणि मग कुत्र्यांच्या अंगावरचा मऊ आतला थर गोण्या भरतील इतका गळू लागतो. "एप्रिलमध्ये माझ्या भाजीतही केस असतात," ती म्हणाली. मी मनातल्या मनात सात धुण्यांचा हिशेब केला आणि सोडून दिला.

दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नातवाला १९२५ सालची गोष्ट सांगितली. आमच्या पिढीला घटसर्प या आजाराची धास्ती माहीत आहे, म्हणून मीही कान देऊन ऐकली. अलास्कात नोम नावाचे गाव, हिवाळ्यात समुद्र गोठलेला, आणि मुलांमध्ये घटसर्पाची साथ. औषध रेल्वेने नेनाना या गावापर्यंत आले. पुढचे ६७४ मैल नेण्यासाठी वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्रे लागले. एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असे करत साडेपाच दिवसांत औषध पोहोचले. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. पण सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याने ओढला होता, हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज चढला. शंभर वर्षे होत आली तरी त्यांना तो अन्याय सहन होत नव्हता.

रविवारी पहाटे मी वजूला उठले तेव्हाच जाणवले, हवा बदलली होती. नैर्ऋत्येकडून ऊबदार, दमट वारा सुटला होता. ग्लासगोत अशा हवेला लोक छान म्हणतात. शर्यतीच्या मैदानात पोहोचलो तर सगळे टेबलाभोवती उभे, आणि टेबलावर थर्मामीटर.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून आणि थोडाफार पंज्यांतून, एवढीच उष्णता बाहेर टाकायची सोय. त्यात हस्कीच्या अंगावर दुहेरी केसांचे पांघरूण. आणि स्वभाव असा की थांबा म्हणून तो स्वतः सांगत नाही, कोसळेपर्यंत ओढतो. म्हणून तो निर्णय माणसाला घ्यावा लागतो. त्या दिवशी तो घ्यायचा होता शर्यतीच्या प्रमुखाला. हे निवृत्त पोस्टमन, अंगाने किरकोळ, बोलायला संकोची. समोर इंग्लंडहून सहा-सात तास गाडी चालवून आलेली माणसे. प्रवेश फी भरलेली, हॉटेलचे पैसे गेलेले, शनिवारी पहिल्या आलेल्या माणसाची बक्षिसाची आशा. त्याने चढ्या आवाजात विचारले, "माझे कुत्रे मला माहीत नाहीत का?" पोस्टमननी थर्मामीटर उचलून जमिनीपासून कुत्र्याच्या उंचीवर धरला, दोन मिनिटे तसाच धरून ठेवला, आणि मग सांगितले की मोठ्या गाड्या सुटणार नाहीत. लहान गाड्यांना अर्धी वाट, तीही आत्ता लगेच, आणि नऊच्या पुढे एकही नाही. तो माणूस काही न बोलता व्हॅनकडे गेला. थोड्या वेळाने पाहिले तर कुत्र्यांसमोर मांसाचे तुकडे घातलेले पाणी ठेवत होता.

नातू हे सगळे पाहत होता. त्याने विचारले, "मग हे कुत्रे आज काय करणार?" नर्स म्हणाली, "रडणार." आणि खरेच, साज न चढलेले ते कुत्रे तासभर गळा काढून रडत होते.

तिच्या स्वतःच्या तीन कुत्र्यांपैकी एक कुत्री त्या दिवशी प्रथमच मी नीट पाहिली. डोळे निळे, अगदी नातवाच्या मोबाइलवरच्या चित्रासारखे. ही तिसऱ्या घरातून आलेली. लांडगे असलेली एक परदेशी मालिका गाजली, तेव्हा ब्रिटनमध्ये हस्कींची मागणी वाढली, आणि मागोमाग प्राणी-संस्थांच्या दारात सोडलेल्या हस्कींची संख्याही. ही कुत्री चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती. दिवसभर एकटी. तिने दाराची चौकट कुरतडून काढली, सोफा फाडला, शेजाऱ्यांनी तक्रार केली. वर्षाचीही नव्हती. "वाईट माणसे नव्हती ती," नर्स म्हणाली. "त्यांना डोळे आवडले होते."

मला कुर्ल्याची आमच्या भाच्याची बिल्डिंग आठवली. तिथे पाचव्या मजल्यावर कोणीतरी हस्की पाळला आहे. मे महिन्यात तो एसीच्या खोलीतून बाहेर पडत नाही, संध्याकाळी लिफ्टने खाली आणतात तेव्हा जीभ लोंबत असते. लहान मुले फोटो काढतात. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या कुत्र्याला पाणीही भरपूर मिळते, पण त्याला हवी ती थंडी कुर्ल्यात कोण देणार?

नातवाला मी काही सांगितले नाही. तोही बोलला नाही. परत निघण्याआधी मैदान स्वच्छ करायचे होते, कारण जंगल खात्याची तशी अट असते. नर्सने त्याच्या हातात फावडे आणि बादली दिली. पाऊण तास तो कुत्र्यांची घाण गोळा करत फिरत होता, नाक मुरडत का होईना, पण एकही जागा सोडली नाही. शेवटी त्या पोस्टमननी त्याच्याशी हस्तांदोलन केले.

गाडीत बसल्यावर, ड्रमॉख्टरच्या खिंडीजवळ, त्याने नर्सला विचारले, "वळणावर उभे राहायला वय किती लागते?"

"मोठ्या माणसाबरोबर असलास तर चालेल," ती म्हणाली.

घरी पोहोचल्यावर त्याचे बूट आणि जाकीट मी बाल्कनीतच काढून घेतले. लेक म्हणाली, "अम्मी, राहू द्या, मशीनमध्ये टाकते." मी म्हटले, मशीनचे नंतर बघू, आधी कुंडीतली थोडी माती आण.

फेब्रुवारीअखेर मी चिपळूणला परतले. मार्चमध्ये त्याचा व्हिडिओ कॉल आला. हंगामाची शेवटची शर्यत, मागे पाइनची झाडे, थोडासा खराखुरा बर्फ, आणि अंगात पिवळे जॅकेट. बाह्या दोनदा दुमडल्या होत्या तरी हात आतच होते.