खिडकीपलीकडची घरघर

पहाटेची पहिली बस थांब्यावर येते, तेव्हा रस्त्याकडेच्या घरात झोपलेल्या माणसाला ती कानांआधी अंगाने कळते. तावदान थरथरतं. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. बस उभी, पण इंजिनाची घरघर चालूच. मग पहिला गिअर पडतो आणि सगळी भिंतच कण्हल्यासारखी वाटते.

खिडकी लावून घेतली की फेरीवाल्याची आरोळी मंदावते, घरघर मात्र आत येतेच. खर्जातला आवाज काच आणि भिंत सहज ओलांडतो. म्हणून डिझेलच्या बसचा जाच कानाला नेमका सांगता येत नाही. झोपेला तो बरोबर कळतो.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गने या जाचाचं मोजमाप केलं. चढउतारांच्या या शहरात ६० क्रमांकाच्या मार्गावर २०१९ मध्ये डिझेल इंजिनाच्या हायब्रिड बस जाऊन निव्वळ विजेच्या आल्या. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्गालगतच्या रहिवाशांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. घरात बसचा आवाज जाणवतो असं सांगणारे ७५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. थकवा सांगणारे ४९ वरून १९ वर! घरं तीच, रस्ता तोच, फक्त खालचं इंजिन गेलं. याच शहरात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ५५ क्रमांकाच्या विजेच्या बसचा एक थांबा तर इमारतीच्या आत होता. धूर नाही, घरघर नाही; मग बसला घरात घ्यायला हरकत कसली?

अर्थात बस वेगात असली की टायरांचा आवाज वरचढ ठरतो आणि विजेची मोटर तिथे फारसं काही करू शकत नाही. खरा दिलासा थांब्यापाशी, सिग्नलपाशी, चढावर. आपल्या शहरांतली बस बहुतेक वेळ तिथेच तर असते.

पुण्यात फेब्रुवारी २०१९ पासून पीएमपीच्या ई-बस धावताहेत; मुंबईत बेस्टची दुमजली बसही आता विजेवर चालते. घरघर गेलेल्या थांब्यावर आता हॉर्न जास्तच टोचतो. तो ना डिझेलचा, ना विजेचा. तो चालवणाऱ्याच्या हातातला. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी २०१० पासून मनाई केली आहे. तो हात तेवढे आठ तास आवरा.